लहान डिझेल ट्रॅक्टर : त्याची निगा आणि सुधारणा

ऑक्टोबरची छाटणी आटोपून द्राक्षवेलींना कोवळी फूट येऊ लागली, की नाशिक-सांगलीकडील बागायतदाराच्या झोपेचे खोबरे होते. आभाळ भरून आले, पाने रात्रभर ओली राहिली, म्हणजे केवडा रोगाला पसरण्यास फारसा अवधी लागत नाही. अशा वेळी औषधाची फवारणी सकाळी व्हावयाची ती सकाळीच झाली पाहिजे. वेलींच्या दोन ओळींत नऊ-दहा फुटांचे अंतर, डोक्यावर मांडवाच्या तारा, आणि त्या बोगद्यासारख्या वाटेतून ब्लोअर ओढीत जाणारा पंधरा ते पंचवीस अश्वशक्तीचा लहानसा ट्रॅक्टर. तो जर मधल्याच ओळीत गुरगुरून बंद पडला, तर त्या दिवशीचे नुकसान यंत्राच्या दुरुस्तीच्या खर्चाने मोजता येत नाही.

हा लहान ट्रॅक्टर आता केवळ द्राक्षबागेपुरता राहिलेला नाही. संत्र्याच्या बागा, सुपारीच्या बागा, कापसाच्या ओळींतील कोळपणी, जेथे जेथे मोठा ट्रॅक्टर शिरू शकत नाही तेथे तेथे तो दिसतो. त्याची घडण मात्र मोठ्या ट्रॅक्टराइतकीच काटेकोर असते. किंबहुना लहान असल्यामुळेच त्याला चूक सोसण्यास वाव कमी असतो. ‘लहान यंत्र, त्याला काय होणार?’ या समजुतीने जितके लहान ट्रॅक्टर निकामी झाले असतील, तितके जास्त कामामुळे झाले नसावेत.

इंजिन लहान होत गेले त्याची हकीकतही बोधप्रद आहे. रुडॉल्फ डिझेल यांच्या इंजिनाची जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे १८९७ साली जी चाचणी झाली, तीत त्या इंजिनाने सुमारे १८ अश्वशक्ती दिली. म्हणजे आजच्या बागेतील ट्रॅक्टराइतकीच! परंतु ते इंजिन सुमारे तीन मीटर उंच होते. तीच शक्ती आज बसल्या माणसाच्या गुडघ्यांपुढील झाकणाखाली मावते. जपानमध्ये यामाओका मागोकिची यांनी १९३३ साली शेतकऱ्याला परवडेल असे छोटे डिझेल इंजिन सिद्ध केले, आणि भातखाचरांसाठी बनलेली जपानी यंत्रे पुढे १९६० नंतरच्या दशकात भारतातही आली. आपल्या देशात दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेने तयार केलेल्या आराखड्यावरून ‘स्वराज’ ट्रॅक्टर १९७४ साली पंजाबात बनू लागला. त्याच संस्थेने २०२३ साली लहान विद्युत् ट्रॅक्टरही पुढे आणला आहे. तथापि बागांतून आज जे ट्रॅक्टर राबत आहेत ते बहुतांशी डिझेलवरच चालतात, आणि त्यांची निगा हा पुढील अनेक वर्षे घरोघरीचा प्रश्न राहणार आहे.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरात ओढलेली हवा दट्ट्या तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारे विसाव्या हिश्श्यापर्यंत दाबतो. त्या दाबाने ती ५०० अंश सेल्सिअसच्याही वर तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा सूक्ष्म फवारा सोडला, की तो आपोआप पेट घेतो. एवढ्या साध्या तत्त्वावर सारे चालते. म्हणून या इंजिनाला वस्तुतः दोनच गोष्टी हव्या असतात : स्वच्छ हवा आणि स्वच्छ डिझेल. बाकीची निगा यानंतर येते.

डिझेलचा फवारा किती सूक्ष्म असतो, याचा हिशेब शाळेतील मुलांनाही करता येईल. अठरा अश्वशक्तीचे, तीन सिलिंडरांचे इंजिन पूर्ण भारावर तासाला सुमारे चार लिटर डिझेल पिते. मिनिटाला २५०० फेरे होत असतील, तर प्रत्येक सिलिंडरात दर मिनिटास १२५० वेळा, म्हणजे तिन्ही मिळून तासाला सव्वादोन लक्ष वेळा डिझेल सोडले जाते. भागाकार केला तर एका वेळचे डिझेल पाण्याच्या थेंबाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याइतके भरते. एवढेसे डिझेल मोजून, शेकडो किलोग्रॅमच्या दाबाने, ठरल्या क्षणी सोडणाऱ्या पंपातील प्लंजर आणि त्याचे नळकांडे यांच्यामध्ये जी फट असते ती मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावी लागते. माणसाचा केस तिच्यापेक्षा कितीतरी पट जाड. त्या फटीला वंगण दुसरे कसलेच नसते. डिझेल हेच तिचे वंगण. म्हणूनच डिझेलमध्ये पाणी आले, किंवा स्वस्तात पडते म्हणून रॉकेल मिसळले, की पंप कोरडा घासू लागतो.

पाणी येते कोठून? पंपावरून आणलेले डिझेल शुद्ध असले, तरी अर्धवट रिकाम्या टाकीत हवा असते, हवेत बाष्प असते, आणि रात्रीच्या गारव्याने ते टाकीच्या पत्र्यावर दवासारखे जमते. यास्तव संध्याकाळी काम संपताच टाकी भरून ठेवावी, सकाळी नव्हे. डिझेलचे पिंप थोडे कलते ठेवून एक दिवस हलवू नये. तळाचे चार बोटे डिझेल ट्रॅक्टरात घालू नये. गाळण्यासाठी धोतराचे जुने फडके वापरण्याची चाल अद्याप दिसते, ती सोडली पाहिजे, कारण फडक्याचे तंतू सुटून गाळणीत जातात. बारीक तारेची जाळी असलेले नरसाळे पुरेसे आहे. गाळणीखाली पारदर्शक पेला असेल तर त्यात पाणी तळाला वेगळे दिसते. तो रोज सकाळी पाहावा व पाणी सोडून द्यावे. ज्या जुन्या ट्रॅक्टराला असा पेला नाही त्याला तो बसविता येतो, आणि थोड्या खर्चात होणारी याहून हिताची सुधारणा दुसरी सापडणे कठीण.

गाळणी बदलली किंवा टाकी कोरडी पडली, की नळीत हवेचे बुडबुडे शिरतात. ‘इंजिनाने एअर घेतली’ असे मिस्त्री म्हणतात. हवा दबते, डिझेल दबत नाही. म्हणून पंपाचा सारा जोर बुडबुडा दाबण्यातच जातो आणि नोझल उघडतच नाही. अशा वेळी स्टार्टर पुनःपुन्हा मारून बॅटरी उतरविण्यात अर्थ नसतो. गाळणीवरील हवेचा स्क्रू सैल करून हातपंप चालवावा. फेस येणे थांबून डिझेलची सलग धार लागली, की स्क्रू आवळावा, आणि पुढे पंपापाशी तेच करावे. हे दहा मिनिटांचे काम घरातील एका तरी माणसाला यावयास हवे. मात्र चालत्या इंजिनाच्या नोझलचा फवारा हातावर घेऊन पाहण्याचा मोह कधीही धरू नये. तो कातडीतून आत शिरतो, जखम टाचणीएवढी दिसते आणि हात गमवावा लागतो. असे झाल्यास दुखण्याची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठले पाहिजे.

हवेचे गणित याहूनही डोळे उघडणारे आहे. सुमारे ९०० घनसेंटिमीटरचे इंजिन २५०० फेऱ्यांवर दर मिनिटास जवळजवळ एक घनमीटर हवा ओढते. आठ तासांच्या दिवसात शाळेच्या सुमारे तीन वर्गखोल्यांत मावेल एवढी हवा त्या लहानशा यंत्रातून जाते, आणि तीही कोठली? रोटाव्हेटरने उडविलेल्या धुळीतली. मातीतील वाळूचे कण लोखंडाहून कठीण असतात. ते दट्ट्याची कडी आणि सिलिंडरची भिंत यांमध्ये सापडले, म्हणजे ऑइलशी मिसळून पॉलिशच्या लेपासारखे काम करतात. काही तासांतच कडी झिजते. मग दाब कमी, सकाळी चालू होण्यास त्रास, आणि निळा धूर. निळा धूर म्हणजे ऑइल जळत असल्याची खूण. काळा धूर दिसला तर डिझेल जास्त किंवा हवा कमी पडते आहे, असे समजावे. पांढरा धूर थंड इंजिनात क्षणभर दिसला तर चिंता नको. पण तापल्यावरही टिकला, तर नोझल बिघडले असेल किंवा रेडिएटरचे पाणी सिलिंडरात झिरपत असेल.

जुन्या पद्धतीच्या हवागाळणीत तळाशी ऑइलचा वाडगा असतो. हवा खाली येऊन ऑइलच्या पृष्ठभागावर आपटते व एकदम वर वळते. धुळीचे जड कण मात्र वळू न शकल्यामुळे ऑइलात पडतात. हा वाडगा खुणेपर्यंतच भरावा. ‘थोडे जास्त असलेले बरे’ हा हिशेब येथे घातक आहे. जादा ऑइल हवेबरोबर इंजिनात ओढले जाते, आणि डिझेल बंद केले तरी इंजिन त्या ऑइलवरच धावत सुटण्याचा प्रसंग येऊ शकतो. धुळीच्या दिवसांत वाडगा रोज पाहावा, व तळाशी चिखल साठला असेल तर ऑइल टाकून द्यावे. कागदी गाळणी असेल तर ती डिझेलने वा पेट्रोलने धुऊ नये. हलकेच झटकावी, आतून बाहेरच्या दिशेने मंद हवा मारावी, आणि फाटलेली दिसताच बदलावी.

परंतु गाळणी कितीही चांगली असली आणि तिच्यापासून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी चिरलेली असली, तर सारा खटाटोप फुकट. याची एक जुनी परीक्षा आहे. इंजिन मंद गतीवर चालू ठेवून गाळणीचे तोंड लाकडी फळीने, हाताने नव्हे, पूर्ण झाकावे. इंजिन गुदमरून बंद पडले तर वाट निर्दोष आहे. तसेच चालत राहिले, तर ते कोठून तरी न गाळलेली हवा ओढीत आहे हे निश्चित.

ऑइल आणि पाणी यांविषयी थोडक्यात सांगता येईल. डिझेल इंजिनाचे ऑइल काळे झाले म्हणून ते वाईट झाले असे नव्हे. काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. ते बदलण्याचा काळ रंगावरून नव्हे, तर तासांच्या मीटरवरून व पुस्तिकेवरून ठरवावा. मोजपट्टीवर ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी उतरले आहे. ऑइलची पातळी आपोआप वाढली, तर डिझेल किंवा पाणी आत येत आहे; या ‘बरकती’ने हर्ष मानू नये. रेडिएटरात विहिरीचे जड पाणी घातल्यास किटलीत बसतो तसा क्षाराचा थर बसतो, म्हणून कूलंट मिसळलेले मऊ पाणी वापरावे. द्राक्षबागेत औषधाचा फवारा आणि पानांचा चुरा रेडिएटरच्या जाळीवर बसून तिचे जणू सारवणच होते. इंजिन थंड झाल्यावर कमी दाबाच्या पाण्याने, पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेस, ती रोज धुवावी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडून भाजल्याची उदाहरणे दर उन्हाळ्यात घडतात.

आता सुधारणेकडे वळू. ट्रॅक्टर दोन-तीन हंगाम चालला, की मालकाला वाटू लागते, याने आणखी थोडे ओढावे. गावातला एखादा हुशार कारागीर सांगतो, ‘पंपाचा स्क्रू अर्धा फेरा फिरवू.’ या स्क्रूला कारखान्यात तारेचे सील लावलेले असते, ते उगीच नव्हे. तो फिरविला म्हणजे प्रत्येक वेळी जास्त डिझेल सुटते, पण हवा तेवढीच राहते. जादा डिझेलपैकी काही जळते, बाकीचे काळ्या धुरावाटे जाते, आणि दट्ट्याचा माथा व झडपा पूर्वीपेक्षा तापतात. चार दिवस ट्रॅक्टर जोमदार वाटतो, हे खरे. खरा प्रश्न वेगळाच आहे : ही वाढलेली शक्ती जाणार कोठे?

अठरा अश्वशक्तीचा, ८५० किलोग्रॅम वजनाचा, चारही चाके ओढणारा ट्रॅक्टर घेऊ. नांगरलेल्या मऊ जमिनीत चाके आपल्यावरील वजनाच्या साधारण निम्म्याइतकीही ओढ मिळविण्यास धडपडतात. समजा, ओढ ३५० किलोग्रॅमची मिळाली आणि वेग ताशी साडेचार किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सव्वा मीटर आहे. एक अश्वशक्ती म्हणजे सेकंदाला ७५ किलोग्रॅम-मीटर काम. ३५० ला सव्वाने गुणून ७५ ने भागले, तर उत्तर सहाच्याही आत येते. इंजिनाजवळ अठरा अश्वशक्ती असताना औजार ओढण्यास सहाच पोचतात! काही शक्ती गिअरांत व चाकांच्या घर्षणात जाते, काही चाके घसरण्यात जाते, आणि पुष्कळशी इंजिनातून मागितलीच जात नाही. चाके जमिनीला धरीत नसतील, तर अठराच्या जागी बावीस अश्वशक्ती करून ती फक्त अधिक जोराने घसरतील.

म्हणून ओढीच्या कामासाठी पहिली सुधारणा इंजिनाची नसून चाकांची होय. घसरण मोजण्याचा प्रयोग कोणत्याही शाळेच्या शेतावर करता येतो. मागील टायरवर खडूने खूण करावी. औजार उचलून ट्रॅक्टर शेतात चालवावा आणि चाकाचे दहा फेरे होतील तेवढ्या अंतराच्या दोन्ही टोकांना खुंट्या ठोकाव्यात. नंतर औजार जमिनीत घालून तेच अंतर तोडावे व फेरे मोजावेत. साडेअकरा फेरे लागले तर घसरण १३ टक्के, आणि ती योग्य. चौदा लागले तर २९ टक्के; म्हणजे चाकाच्या फिरण्यापैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त भाग टायर झिजविण्यात गेला. अशा वेळी टायरांत पाणी भरून किंवा चाकांना बिडाची वजने लावून, उत्पादकाने सांगितलेल्या मर्यादेत, भार वाढवावा. मागील टायरांतील हवा शेतात रस्त्यापेक्षा थोडी कमी ठेवली तर टायर जमिनीवर अधिक पसरतो. याहून सोपा उपाय म्हणजे वापसा येईपर्यंत थांबणे. चिखलात कोणत्याच ट्रॅक्टराची प्रतिष्ठा राहत नाही. कामानंतर जादा वजन उतरवून ठेवावे, नाहीतर बागेतील माती मुळांभोवती दबून घट्ट होते.

मोठे टायर चढविण्याची हौसही जपून करावी. चारही चाके ओढणाऱ्या लहान ट्रॅक्टरात पुढील चाके मागील चाकांपेक्षा किंचित जास्त अंतर कापतील अशी गिअरांची योजना असते. फक्त मागील टायर मोठे केले, की हे प्रमाण मोडते, पुढची व मागची चाके एकमेकांशी भांडू लागतात, आणि ते भांडण पुढील आसातील गिअरांवर निघते. त्याच कारणाने पुढील चाकांचा जोड डांबरी रस्त्यावर सोडवून ठेवावा.

रोटाव्हेटर आणि ब्लोअर यांची गोष्ट निराळी आहे, हे कबूल केले पाहिजे. त्यांना शक्ती चाकांतून नव्हे, तर पीटीओच्या दांड्यातून मिळते, आणि तेथे इंजिनाची खरोखरच कसोटी लागते. परंतु तेथेही उत्तर स्क्रूमध्ये नाही. औजार ट्रॅक्टराच्या मापाचे घ्यावे. नोझल तपासून घ्यावेत. झडपांची फट पुस्तिकेप्रमाणे लावावी. रेडिएटर व हवागाळणी साफ ठेवावी. कित्येक ‘अशक्त’ ट्रॅक्टरांची हरवलेली शक्ती एवढ्यानेच परत येते. नवीन ट्रॅक्टर घेणाऱ्याने मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेचे चाचणी-अहवाल अवश्य पाहावेत. त्यांत पीटीओवर मिळणारी शक्ती आणि ओढीची शक्ती वेगवेगळी दिलेली असते, आणि दोहोंतील अंतर बरेच काही शिकविते.

एक सुधारणा अशी आहे, की जिने ट्रॅक्टर अधिक काम करीत नाही, पण जिच्यावाचून त्यावर बसू नये. बागेसाठी चाकांमधील अंतर कमी केले, की ट्रॅक्टर सहज कलंडतो. ओझे मागील आसाच्या वर बांधून ओढले, किंवा चिखलात रुतलेल्या चाकांना लाकडी ओंडका बांधून ट्रॅक्टर बाहेर काढण्याचा प्रयत्न केला, तर चाके फिरण्याऐवजी ट्रॅक्टरच आसाभोवती फिरतो आणि पुढून उचलला जाऊन चालकावर उलटतो. याला दीड सेकंदही पुरतो. उडी मारण्यास वेळ नसतो. स्वीडनने १९५९ साली नव्या ट्रॅक्टरांना चालकाभोवती संरक्षक चौकट सक्तीची केली, आणि पुढे तेथे ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू फार घटले. मांडवाच्या तारांत अडकते म्हणून बागायतदार ही चौकट काढून टाकतात. दुमडता येणारी चौकट मिळते. ती मांडवाखाली दुमडावी आणि बांधावर वा रस्त्यावर आल्याबरोबर उभी करून पट्टा बांधावा. चौकट दुमडलेली असताना मात्र पट्टा बांधू नये. चौकट वेल्डिंग करून घरी बनवू नये, कारण तिची ताकद चाचणीनेच ठरते.

पीटीओचा दांडा मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ फेरे घेतो. धोतराचा सोगा, उपरण्याचे टोक किंवा लुगड्याचा पदर त्यात सापडला, तर माणूस ‘थांबव’ म्हणण्यापूर्वी कापड गुंडाळले जाण्याइतका त्याचा वेग असतो. दांड्यावरील प्लास्टिकची नळी फुटली म्हणून काढून टाकलेली कित्येक ठिकाणी दिसते. ती नवी बसवावी, तिची साखळी ट्रॅक्टराला अडकवावी म्हणजे नळी दांड्याबरोबर फिरणार नाही, आणि टाकीत औषध ओतण्यापूर्वी इंजिन बंद करून किल्ली काढून खिशात ठेवावी.